लशीनंतरचा अँटीबॉडी रिपोर्ट: आकडा सगळ्यात शेवटी वाचा

रिपोर्ट हातात पडला की माणूस थेट आकड्यावर जातो. मोठा दिसला की खूश, छोटा दिसला की धाबं दणाणतं. पॅथॉलॉजी लॅबमध्ये रिपोर्ट समजावून सांगण्याचं काम करताना मी हे रोज बघते, आणि रोज तेच सांगते: आधी तारीख बघा, मग चाचणीचं नाव, मग एकक. आकडा सगळ्यात शेवटी.

हिपॅटायटिस बीच्या लशीनंतर अँटीबॉडी ६.२ आल्या असं समजा, निकष आहे १० चा. शेवटचा डोस घेऊन सहा आठवडे झाले असतील, तर लशीला पुरेसा प्रतिसाद मिळालेला नाही आणि पुढचे डोस लागणार. पण डोस अकरा वर्षांपूर्वी पूर्ण झाले असतील आणि माणूस एरवी धडधाकट असेल, तर त्याच ६.२ चा अर्थ बहुधा इतकाच की अँटीबॉडी काळानुसार ओसरल्या. आकडा एक, अर्थ दोन. हा फरक रिपोर्टवर कुठेच छापलेला नसतो, कारण लस कधी घेतली हे लॅबला कोणी सांगितलेलंच नसतं.

## पायरी १: चाचणी हवीच आहे का, ते आधी ठरवा

रक्त देण्याआधी स्वतःला विचारा: आकडा कमी आला तर मी काय वेगळं करणार आहे? उत्तर “काही नाही” असेल तर चाचणी करू नका. “बघू तरी किती तयार झाल्यात” एवढ्या कुतूहलापोटी केलेल्या चाचणीतून हाती लागते ती नुसती काळजी, नाहीतर खोटी निश्चिंती.

एरवी निरोगी असलेल्या माणसाला बहुतेक लशींनंतर या चाचणीची गरज नसते. अँटीबॉडी हा प्रतिकारशक्तीचा रक्तात मोजता येणारा भाग आहे. लस शरीराला ओळख पटवून देते, ती ओळख स्मृतिपेशींमध्ये (रोगजंतू लक्षात ठेवणाऱ्या पेशी) आणि टी-पेशींमध्येही (प्रतिकारशक्तीच्याच पांढऱ्या पेशी) साठते. नेहमीच्या चाचणीत ती दिसत नाही.

चाचणीने खरोखर काही ठरतं ती माणसं अशी:

- रक्ताशी आणि सुयांशी संबंध येणारे आरोग्य कर्मचारी व विद्यार्थी (हिपॅटायटिस बी)
- डायलिसिसवर असलेले रुग्ण
- हिपॅटायटिस बी असलेल्या आईचं बाळ, तसंच अशा रुग्णाचा जोडीदार
- प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणारे किंवा जन्मतः प्रतिकारशक्ती कमी असलेले
- रेबीजच्या विषाणूशी कामानिमित्त सतत संबंध येणारे
- गरोदरपणाचा विचार करणारी, पण रुबेलाच्या लशीची नोंद सापडत नसलेली स्त्री

थांबा: जनावर चावलं असेल, दूषित सुई टोचली असेल किंवा गंजका खिळा लागला असेल, तर अँटीबॉडीच्या रिपोर्टची वाट बघत घरी बसू नका. आधी जखम धुवा आणि डॉक्टर गाठा.

## पायरी २: कागद जमवा

लसीकरणाचं कार्ड किंवा प्रमाणपत्र शोधा. “झालेत सगळे डोस” ही तोंडी आठवण इथे चालत नाही. प्रत्येक डोसची तारीख आणि लशीचं नाव हवं. मग खालच्या गोष्टींपैकी काही लागू आहे का ते लिहून काढा. फॉर्मवर यांच्यासाठी रकाना नसला तरी सॅम्पल घेणाऱ्याला सांगाच.

गेल्या काही महिन्यांत रक्त, प्लाझ्मा किंवा इम्युनोग्लोब्युलिन घेतलं आहे का? त्यातून दुसऱ्यांच्या तयार अँटीबॉडी अंगात येतात. रिपोर्ट पॉझिटिव्ह येतो, पण त्यात तुमच्या लशीचा वाटा किती ते कळत नाही. उसन्या अँटीबॉडी काही आठवड्या-महिन्यांत संपतात.

रिटुक्सिमॅबसारखं औषध, स्टेरॉइड, केमोथेरपी किंवा अवयव प्रत्यारोपणानंतरची औषधं चालू आहेत का? रिटुक्सिमॅब अँटीबॉडी बनवणाऱ्या पेशींच्या पूर्वज असलेल्या बी-पेशीच काढून टाकतं. त्यानंतर लगेच घेतलेल्या लशीला प्रतिसाद कमी मिळणं अपेक्षितच असतं.

केस-नखांसाठी बायोटिन घेता का? हा प्रश्न विचारला की लोक हसतात. पण बऱ्याच लॅब-मशीनच्या चाचण्या बायोटिनच्याच रासायनिक पकडीवर चालतात. रक्तात बायोटिन जास्त असेल तर आकडा खोटा कमी किंवा खोटा जास्त येऊ शकतो. मल्टिव्हिटॅमिनमधल्या किरकोळ मात्रेने सहसा बिघडत नाही, पण ५ किंवा १० मिलिग्रॅमच्या गोळ्यांनी बिघडू शकतं. किती आधी बंद करायच्या ते लॅबला विचारा.

उपाशीपोटी यायची गरज नाही. तरीही निम्मे लोक उपाशी येतात आणि चक्कर आली म्हणून बाकावर बसून राहतात.

## पायरी ३: दिवस मोजा

सगळ्यात जास्त चाचण्या वाया जातात त्या इथे. डोस घेतल्यावर आठ-दहा दिवसांत रक्त दिलं तर अँटीबॉडी अजून चढत असतात. खूप उशिरा दिलं तर त्या उतरलेल्या असतात. चढण, शिखर, उतार, आणि मग बराच काळ हळूहळू घसरणारं पठार, असा हा आलेख असतो. लस लागू पडली का, हे शिखराच्या आसपास तपासायचं.

- हिपॅटायटिस बी: शेवटच्या डोसनंतर १ ते २ महिन्यांनी.
- रेबीज: शेवटच्या डोसनंतर साधारण २ ते ४ आठवड्यांनी.
- हिपॅटायटिस बी असलेल्या आईचं बाळ: वय ९ ते १२ महिने असताना, आणि शेवटच्या डोसनंतर किमान एक-दोन महिने गेल्यावर. ९ महिन्यांच्या आत नको. जन्मतः दिलेल्या इम्युनोग्लोब्युलिनचा अंश तोपर्यंत रक्तात असू शकतो.

तपासा: कॅलेंडरवर शेवटच्या डोसपासूनचे दिवस मोजले का? तो आकडा कार्डाच्या मागे लिहा. डॉक्टर पहिल्यांदा तोच विचारतील.

## पायरी ४: चाचणीचं नाव अक्षर न अक्षर बघा

हिपॅटायटिस बीच्या नुसत्या नावावरून जितके घोळ होतात तितके बाकी सगळ्या चाचण्यांत मिळून होत नसतील. तीन नावं कानाला सारखीच लागतात:

एचबीएसएजी म्हणजे विषाणूच्या पृष्ठभागावरचं प्रथिन, म्हणजेच अँटिजेन. हे पॉझिटिव्ह असेल तर संसर्ग आहे.

अँटी-एचबीएस म्हणजे त्या प्रथिनाविरुद्धची अँटीबॉडी. लशीनंतर हीच मोजायची असते. पॉझिटिव्ह असणं चांगलं.

अँटी-एचबीसी म्हणजे विषाणूच्या गाभ्याविरुद्धची अँटीबॉडी. लशीत गाभा नसतोच, त्यामुळे लशीमुळे ही कधीच तयार होत नाही. ही खरी पॉझिटिव्ह असेल तर विषाणू कधीतरी शरीरात येऊन गेला किंवा अजून आहे.

“हिपॅटायटिस बीची टेस्ट करा” एवढंच सांगितलं तर बहुतेक ठिकाणी पहिली चाचणी होते, आणि “निगेटिव्ह” वाचून लोक समजतात की लस फुकट गेली. उलटही घडतं. लस घेतल्याघेतल्या एचबीएसएजी केली तर लशीतलंच प्रथिन रक्तात सापडू शकतं. लशीनंतर १८ दिवसांपर्यंत असा फसवा पॉझिटिव्ह रिपोर्ट आल्याची नोंद आहे. म्हणून ती चाचणी लशीच्या आधी तरी करा, नाहीतर चांगले तीन-चार आठवडे थांबून करा.

बाकी रोगांसाठी नियम सोपा आहे: लशीचा परिणाम बघायचा तर आयजीजी सांगा, म्हणजे बराच काळ टिकणारी अँटीबॉडी. आयजीएम ही सुरुवातीला तयार होणारी अँटीबॉडी, ती ताज्या संसर्गाच्या शोधासाठी असते. गोवर-रुबेलाच्या लशीनंतर काही आठवडे आयजीएम पॉझिटिव्ह येऊ शकतं, आणि नसलेल्या आजाराची धावपळ सुरू होते.

## पायरी ५: रिपोर्ट या क्रमाने वाचा

१. नाव, वय आणि सॅम्पल घेतल्याची तारीख. रिपोर्ट छापल्याची तारीख वेगळी असते, तिच्यावरून दिवस मोजू नका.

२. चाचणीचं पूर्ण नाव.

३. पद्धत. एलायझा, सीएलआयए, न्यूट्रलायझेशन, जे असेल ते. नाव कळलं नाही तरी लिहून ठेवा, पुढच्या वेळी लागेल.

४. एकक. आययू म्हणजे आंतरराष्ट्रीय एकक, आणि १ आययू म्हणजे १००० एमआययू. हिपॅटायटिस बीचा निकष १० एमआययू प्रति मिलिलिटर, रेबीजचा ०.५ आययू प्रति मिलिलिटर, म्हणजे ५०० एमआययू. एकक न बघता दोन आकडे शेजारी ठेवले की घोळ झालाच.

५. त्या लॅबने छापलेली मर्यादा आणि तिच्याखालची बारीक टीप.

६. आता आकडा.

पाचव्या मुद्द्यावर जरा थांबते. नर्सिंगची एक विद्यार्थिनी रडवेली होऊन रिपोर्ट घेऊन आली होती. अँटी-एचबीएस ३१२.४. आकडा ठळक अक्षरांत, पुढे “जास्त” अशी खूण, आणि संदर्भ मर्यादेच्या रकान्यात “१० पेक्षा कमी”. तिने एक आणि एक दोन केलं: मर्यादा दहाच्या आत हवी, माझी तीनशे, म्हणजे मला कावीळ. प्रत्यक्षात रिपोर्ट उत्तम होता. संगणक छापील मर्यादेबाहेरची प्रत्येक गोष्ट ठळक करतो, मग ती साखर असो की लशीने दिलेलं संरक्षण. तिथली “१० पेक्षा कमी” ही ओळ “निगेटिव्ह कशाला म्हणायचं” एवढंच सांगत होती.

“१००० पेक्षा जास्त” असं छापून आलं तर मशीनची मोजायची हद्द तिथे संपली, एवढाच अर्थ. सॅम्पल पातळ करून खरा आकडा काढून घेण्यात काही हशील नाही.

तपासा: “रिअ‍ॅक्टिव्ह” आणि “पॉझिटिव्ह” हे शब्द चांगले की वाईट, ते चाचणीच्या नावावरून ठरतं. नाव परत एकदा वाचा.

## पायरी ६: आता रोगाप्रमाणे अर्थ लावा

### हिपॅटायटिस बी

ठरलेल्या वेळेत, म्हणजे शेवटच्या डोसनंतर १ ते २ महिन्यांत, १० किंवा त्याहून जास्त आलं की तुम्ही प्रतिसाद देणारे ठरलात. निरोगी माणसाने पुढे दरवर्षी आकडा बघत बसायचं कारण नाही. तो घसरणारच, आणि घसरून १० च्या खाली गेला तरी संरक्षण टिकतं, कारण विषाणू आला तर स्मृतिपेशी अँटीबॉडी पुन्हा तयार करतात. या विषाणूला आजार करायला आठवडे लागतात, तेवढी सवड पेशींना मिळते. काही देशांत १० ते १०० च्या मधल्या आकड्याला एक जादा डोस देतात. तुमच्या संस्थेचा नियम तसा असेल तर तो पाळा.

डायलिसिसवरच्या रुग्णांचं गणित वेगळं. त्यांची अँटी-एचबीएस दरवर्षी तपासतात आणि १० च्या खाली गेली की बूस्टर देतात. इथे स्मृतिपेशींच्या भरवशावर राहत नाहीत.

तिन्ही चाचण्या एकत्र केल्या असतील तर:

- फक्त अँटी-एचबीएस पॉझिटिव्ह: लशीची प्रतिकारशक्ती.
- अँटी-एचबीएस आणि अँटी-एचबीसी दोन्ही पॉझिटिव्ह, एचबीएसएजी निगेटिव्ह: संसर्ग होऊन बरा झालेला. पुढे कधी केमोथेरपी किंवा प्रतिकारशक्ती दाबणारं औषध सुरू करायची वेळ आली तर हे डॉक्टरांना सांगायलाच हवं, कारण दबलेला विषाणू पुन्हा डोकं वर काढू शकतो.
- एचबीएसएजी पॉझिटिव्ह: लशीचा विषय बाजूला ठेवा आणि यकृताच्या डॉक्टरांना भेटा.

### रेबीज

०.५ आययू प्रति मिलिलिटर किंवा जास्त म्हणजे लशीला पुरेसा प्रतिसाद. हा निकष विषाणूला निष्प्रभ करणाऱ्या अँटीबॉडींचा आहे आणि तो आरएफएफआयटीसारख्या न्यूट्रलायझेशन चाचणीवर, म्हणजे अशाच अँटीबॉडी मोजणाऱ्या चाचणीवर, आधारलेला आहे. साध्या एलायझाचा आकडा त्याच्याशी जुळेलच असं नाही.

सावधान: टायटर (अँटीबॉडीचा आकडा) कितीही चांगलं असलं तरी नव्याने चावा झाल्यावर “माझ्याकडे रिपोर्ट आहे” म्हणून डोस टाळू नका. जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवायचीच. आधी पूर्ण लस झालेल्याला सहसा ० आणि ३ या दिवशी असे दोन डोस देतात, इम्युनोग्लोब्युलिन लागत नाही. पण हा निर्णय डॉक्टरांचा, रिपोर्टचा नव्हे.

### गोवर, रुबेला, कांजिण्या

इथे कागद रक्तापेक्षा मोठा. गोवराच्या लशीच्या दोन डोसांची लेखी नोंद असेल आणि तरीही आयजीजी निगेटिव्ह आली, तर नोंद खरी मानतात. बाजारातल्या चाचण्या आजारानंतरच्या भरपूर अँटीबॉडी सहज पकडतात, लशीनंतरच्या थोड्या कधीकधी पकडत नाहीत. कांजिण्यांच्या बाबतीत हा दोष इतका आहे की दोन डोस झाल्यावर चाचणी करूच नये असं सांगतात.

रुबेलाला थोडा अपवाद. गरोदरपणाच्या वयातल्या स्त्रीची आयजीजी स्पष्ट पॉझिटिव्ह नसेल, तर आधी एक-दोन डोस झालेले असूनही आणखी एक देतात. ही जिवंत लस आहे, गरोदरपणात चालत नाही. डोसनंतर किमान ४ आठवडे गर्भधारणा टाळायची. चाचणी गरोदरपणातच झाली असेल तर डोस बाळंतपणानंतर.

### कोविड

इथे आधी बघायचं की अँटीबॉडी विषाणूच्या कुठल्या भागाविरुद्धची आहे. एस म्हणजे स्पाइक, एन म्हणजे न्यूक्लिओकॅप्सिड. एमआरएनए आणि कोविशिल्डसारख्या लशी फक्त स्पाइक शिकवतात, त्यामुळे लशीनंतर एस पॉझिटिव्ह आणि एन निगेटिव्ह येणं हेच बरोबर. अशा माणसाची एन पॉझिटिव्ह आली तर त्याला संसर्ग होऊन गेला असण्याची शक्यता मोठी. कोव्हॅक्सिनसारख्या लशीत मारलेला अख्खा विषाणू असतो, तिथे एन लशीमुळेही पॉझिटिव्ह येऊ शकते. लोक नेमकी एन चाचणी करून घेतात आणि “लस घेऊनही अँटीबॉडी शून्य” म्हणून हताश होतात.

दुसरी चूक तुलनेची. अ‍ॅबटच्या एका स्पाइक चाचणीत ५० एयूला पॉझिटिव्ह धरतात, रोशच्या चाचणीत ०.८ यूला; दोन कंपन्या, दोन एककं. दोन शेजाऱ्यांनी दोन लॅबमध्ये रक्त देऊन “तुझ्या हजार, माझ्या शंभर” म्हणणं म्हणजे मैल आणि किलोमीटरची शर्यत. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२० मध्ये यासाठी सामाईक प्रमाण एकक ठरवलं, ते बीएयू. अ‍ॅबटचा आकडा ०.१४२ ने गुणला की बीएयू मिळतो, म्हणजे ५० एयू होतात ७.१ बीएयू. तरीही अमुक आकड्याच्या वर सुरक्षित, अशी सर्वमान्य रेषा या रोगासाठी नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मे २०२१ मध्येच सांगितलं होतं की लशीनंतरचं संरक्षण ठरवायला या चाचण्या वापरू नका. बूस्टर घ्यायचा की नाही ते वय, इतर आजार आणि शेवटचा डोस कधी झाला यावरून ठरवा.

### धनुर्वात

एलायझावर ०.१ आययू प्रति मिलिलिटर हा रूढ निकष. जखम झाल्यावर मात्र आकडा कोणी बघत नाही. शेवटचा डोस कधीचा आणि जखम किती घाण, एवढंच बघतात.

## पायरी ७: आकडा खरोखरच कमी असेल तर

घाईने नवा डोस घेऊ नका. आधी या तीन गोष्टी: रक्त योग्य दिवशी दिलं होतं का, चाचणी योग्य होती का, सगळे डोस योग्य अंतराने झाले होते का. तिन्ही “हो” असतील तरच पुढे.

हिपॅटायटिस बीचा पुढचा रस्ता ठरलेला आहे. पहिला पूर्ण कोर्स झाल्यावर वेळेवर केलेली चाचणी १० च्या खाली आली, तर सहसा दुसरा कोर्स देतात आणि त्याच्या शेवटच्या डोसनंतर १ ते २ महिन्यांनी परत तपासतात. कोर्स जुना असेल आणि आरोग्य कर्मचाऱ्याचा आकडा आता कमी दिसत असेल, तर आधी एकच डोस देऊन १ ते २ महिन्यांनी बघतात. स्मृती शिल्लक असेल तर आकडा उसळी मारून वर येतो. नाही आला तर उरलेले डोस पूर्ण करतात.

दोन कोर्सनंतरही १० च्या खालीच राहणारे लोक असतात. चाळिशीपुढचं वय, धूम्रपान, लठ्ठपणा, मधुमेह, मूत्रपिंडाचा आजार यांत हे जास्त दिसतं. अशा वेळी एचबीएसएजी आणि अँटी-एचबीसी करून घ्या, कारण आधीपासून असलेला संसर्ग हेही प्रतिसाद न मिळण्याचं कारण असू शकतं. दोन्ही निगेटिव्ह आल्या तर तुम्ही “नॉन-रिस्पॉन्डर”. तिसरा, चौथा कोर्स घेत बसण्यापेक्षा ही गोष्ट कामाच्या ठिकाणी नोंदवून ठेवा. दूषित सुई टोचली तर तुम्हाला हिपॅटायटिस बी इम्युनोग्लोब्युलिन लागेल, तेही लगेच, शक्यतो २४ तासांच्या आत. रात्री दोन वाजता ड्यूटीवरच्या डॉक्टरला हे तुमच्या नोंदीतून कळलं पाहिजे.

## पायरी ८: रिपोर्ट जपून ठेवण्याआधी

रिपोर्टच्या वरच्या कोपऱ्यात पेनाने चार गोष्टी लिहा: लशीचं नाव, शेवटच्या डोसची तारीख, त्या दिवसापासून रक्त देईपर्यंतचे दिवस, आणि तेव्हा चालू असलेली औषधं. मग मोबाइलवर फोटो काढा, लस-कार्ड आणि रिपोर्ट एकाच फोटोत येतील असा. पुन्हा चाचणी करायची वेळ आली तर त्याच लॅबमध्ये, त्याच पद्धतीने करा. लॅब बदलली असेल तर जुन्या आणि नव्या आकड्यांची वजाबाकी करू नका. दोघांच्या मर्यादा वेगळ्या असतील, तर प्रत्येक आकडा आपापल्या मर्यादेच्या वर आहे की खाली, एवढंच बघा.